मिश्री लावता का, आजी?

आईची मिश्रीची डबी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. पितळेची, बोटभर उंच, झाकणावरचा मोर घासून घासून पुसट झालेला. जुन्नरकडून लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा ट्रंकेत ही डबी होती. दत्तवाडीतल्या आमच्या चाळीत तंबाखू भाजायचा एक वेगळा तवा होता. त्या तव्यावर भाकरी कधी पडली नाही. पंधरा दिवसांतून एकदा आई मागच्या गॅलरीत शेगडी पेटवायची, तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची. त्या धुराने आम्ही भावंडं ठसकायचो आणि शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या, "थोडी मलापण दे गं."

सकाळी उठल्यावर, दुपारची भांडी झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आणि रात्री निजताना ती मिश्री लावायची. उजव्या हाताची तर्जनी दातांवरून फिरत राहायची आणि आई कुठेतरी लांब बघत बसायची. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारा निवांतपणा तेवढाच. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं ती म्हणायची. तिच्या आईचंही तेच म्हणणं होतं. याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. व्यसन म्हणजे दारू, व्यसन म्हणजे बापईमाणसांची विडी. पुढे मी नोकरीला लागल्यावर तिला चांगल्या चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. ते विचारायचे, "काही व्यसन? तंबाखू वगैरे?" आई मान हलवायची आणि शेजारी बसलेली मीही म्हणायची, "छे, आईला कसलं व्यसन." आम्ही दोघी मनापासून खरंच बोलत होतो.

२०२३ च्या पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी दार वाजलं. खांद्याला कापडी पिशवी, हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र. "आशा वर्कर, महापालिकेकडून. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची माहिती घेतोय." मी दार अर्धंच उघडलं होतं. सोसायटीत राहायला लागल्यापासून दार अर्धं उघडायची सवय लागते. ती म्हणाली, "दहा मिनिटं लागतील, ताई."

ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि प्रश्न विचारू लागली. वय किती, रोज चालणं होतं का, आईवडिलांपैकी कुणाला बीपी-शुगर होती का. पिशवीतून शिंप्याकडे असते तशी टेप काढून तिने आईच्या कमरेचं माप घेतलं. बायकांची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की त्या फॉर्ममध्ये गुण वाढतात. उत्तरांचे असे गुण मिळवायचे, आणि बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. मग तिने विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई," आई म्हणाली.

तिने तशी खूण केली, पाणी प्यायली आणि गेली. जाताना दाराच्या चौकटीवर खडूने घराचा नंबर आणि तारीख लिहून गेली.

एवढंच झालं असतं तर हे लिहायचं काही कारण नव्हतं. दोन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी बरोबर दवाखान्यातली सिस्टर होती, बीपीचं मशीन होतं, साखर तपासायचं यंत्र होतं. आईचं बीपी १५८/९४ निघालं. सिस्टर आकडे लिहीत होती तेव्हा आशाताई आईकडे बघत होती. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं, "मिश्री लावता का, आजी? माझी सासू लावायची."

आईने माझ्याकडे बघितलं. मग डबी ठेवलेल्या फळीकडे. "लावते की," ती म्हणाली. "समदं आयुष्य लावली."

पहिल्या दिवशी तिला आईच्या दातांमधल्या काळ्या रेघा दिसल्या होत्या. तेव्हा ती काही बोलली नाही. पत्ते बघावेत तसे फॉर्ममधले शब्द तिने मनात उलटसुलट करून पाहिले असणार, आणि दुसऱ्या वेळी येताना आमच्या घरातला शब्द घेऊन आली. फॉर्मवर 'धूरविरहित तंबाखू' किंवा असंच काहीतरी छापलेलं असेल. धूरविरहित तंबाखू आईने आयुष्यात कधी ऐकला नाही. आणि तिच्या तव्यातून तर धूर निघायचा!

माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या मांडवात वेळ घालवायचे. २०१३ च्या गणपतीत त्याच मांडवात मोफत आरोग्य तपासणी शिबिर झालं होतं. मोठा फ्लेक्स, टेबलांची रांग, तरुण डॉक्टर मुलं-मुली. मुलांची नियत चांगली होती, मंडळाचीही. बाबा तपासून आले, चहाबरोबर बिस्किटं खाल्ली आणि घरी येऊन म्हणाले, "थोडं बीपी आहे म्हणतात. गर्दीत सगळ्यांचंच वाढतं." पुढच्या वर्षी आषाढात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नऊ दिवस ते होते. नंतर विम्याची कागदपत्रं शोधताना त्याच फाइलमध्ये मला शिबिराची चिठ्ठी सापडली. निळ्या शाईत १७६/१०४ लिहिलं होतं आणि खाली, 'डॉक्टरांना दाखवावे.'

ही चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर कुणाची चूक लिहिलेली नाही. बीपी दुखत नाही, खुपत नाही, माणूस जिने चढतो, हसतो, मोदक खातो. ज्याला काही होत नाहीये त्याने रांगेत उभं राहून डॉक्टरांना का दाखवावं? शिबिराने आकडा शोधून दिला होता. पंधरा दिवसांनी दार वाजवून "काका, दाखवलं का?" असं विचारायला कुणी आलं नाही. मीही विचारलं नाही. तेव्हापासून आरोग्य शिबिराचा फ्लेक्स दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, आज ज्यांचं बीपी जास्त निघेल त्यांच्या घरी उद्या कोण जाणार?

पुण्यात सरकारने दार वाजवण्याला एक जुनी आठवण चिकटलेली आहे, आणि ती बरी नाही. वडिलांची आजी प्लेगच्या वेळी कसब्यात सात-आठ वर्षांची पोर होती. तिचं बाबांना सांगितलेलं आणि बाबांनी आम्हाला सांगितलेलं असं की, घरात ताप आला की माणूस धान्याच्या कणगीच्या मागे लपवायचे. १८९६ च्या शेवटी प्लेग मुंबईहून पुण्यात आला, आणि मार्च १८९७ मध्ये रँडच्या प्लेग कमिटीने घरझडतीला गोरे सोल्जर लावले. ते बूट घालून देवघरात शिरत. काखेत, जांघेत गाठ आहे का हे बघायला बायकांना चारचौघांत तपासत. आजाऱ्याला इस्पितळात, बाकीच्यांना गावाबाहेरच्या छावणीत धाडत, आणि सामान जाळून टाकत. प्लेगपेक्षा तपासणीचीच धास्ती मोठी झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

त्याच मार्च महिन्यातली दुसरी गोष्ट मात्र प्लेगची म्हणून चटकन आठवत नाही. हडपसरच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांच्या आई, सावित्रीबाई, तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्या स्वतः वस्त्यांमधून फिरून आजारी माणसं दवाखान्यात आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतलं एक पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजार तोच, गाव तेच, महिनाही तोच. सोल्जर आले की माणसं कणगीमागे लपत होती, आणि मुंढव्यात कुणी तरी आपलं लेकरू या बाईंच्या पाठीवर दिलं होतं.

आई पहिल्या दिवशी "न्हाई" म्हणाली तेव्हा तीही कणगीमागेच गेली होती, असं मला आता वाटतं. सरकारी माणसाने विचारलं की आधी नाही म्हणायचं. रेशनकार्ड जाईल, पेन्शन अडेल, कुणी रागावेल. हे आईच्या पिढीच्या हाडात आहे, आणि ते एका फॉर्मने निघणार नाही. त्याला दुसरी खेप लागते, कधी पाचवी लागते.

पुढच्या आठवड्यात ताई आईला समाजमंदिरातल्या तपासणीला घेऊन गेली. मी रजा काढून बरोबर गेले. सतरंजीवर पंचवीसेक बायका, पंखा एकच. पडद्याआड डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला लावलं आणि तीन बोटं उभी आत जातात का ते पाहिलं. जात होती. मग टॉर्च मारून गाल बाहेरून दाबत आतली बाजू बघितली. डाव्या गालाच्या आत, मागच्या दाढांजवळ, पांढरा चट्टा होता. करंगळीच्या नखाएवढा. डॉक्टरांनी कापसाने घासला, निघाला नाही. "हा दुखतो का?" "न्हाई." "तिखट झोंबतं?" आई गप्प. वर्षभर ती आमटीत दही कालवून खात होती. वय झालं, तिखट सोसत नाही, असं आम्ही समजत होतो.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला लागले ते अकरा दिवस मी इथे लिहीत नाही. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये बदल सुरू झाले होते. मिश्री बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळा खर्च रिक्षाचा.

आता हेही सांगायला हवं की त्या व्यवस्थेत सगळं सुरळीत नव्हतं. महिन्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या असताना एका दवाखान्यात दहाच दिवसांच्या मिळाल्या, "पुढचा स्टॉक आला की या." एकदा रक्त तपासायचं सामान संपलं होतं. दवाखाना दुपारी बंद, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका तर मोकळ्या होतात संध्याकाळीच. दुपारी दोन ते रात्री दहा चालणारे 'आपला दवाखाना' २०२३ मध्ये सुरू झाले ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. नावापेक्षा मला त्यांची वेळ महत्त्वाची. आईची अम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅमची, रोज एक, बाजारात फार महाग नाही. पण फुकट मिळणारी गोळी आणायला जाण्यात अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडाला, तर ती फुकट राहत नाही. माझी रजा भरपगारी होती, खालच्या मजल्यावरच्या मावशींची नव्हती.

आणि तरीही. महापालिकेचा दवाखाना 'आपल्यासाठी' नाही असं मी कुठे शिकले, याचा विचार केला तर मलाच वाईट वाटतं. माझा जन्म पालिकेच्या प्रसूतिगृहातला. माझ्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पालिकेच्या नर्सने दिलेला. चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तशी आम्ही ही वाट हळूहळू सोडली. पैसे भरले की औषध चांगलं, अशी समजूत करून घेतली. प्लेगानंतर उभ्या राहिलेल्या नायडू रुग्णालयाचं नाव २०२० च्या मार्चमध्ये, राज्यातले पहिले करोना रुग्ण तिथे दाखल झाले तेव्हा सगळ्यांना आठवलं. साथ आली की आपण पालिकेकडे बघतो. साथरोग आटोक्यात ठेवणं आणि दवाखाने चालवणं हे १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. उपकार नाहीत ते. मग बंधनकारक कामाकडे नागरिकांनी रोजच्या रोज हक्काने का बघू नये? रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आपण किती हक्काने भांडतो. दवाखान्यात गोळ्या नसल्या तर मात्र खांदे उडवून समोरच्या मेडिकलमध्ये जातो.

ताईबद्दल अजून लिहायचं आहे. ती आमच्यापासून दोन गल्ल्या खाली राहते. नवरा रिक्षा चालवतो, मुलगी बारावीला. आशा हा शब्द खेड्यांमध्ये २००५ पासून रुळला. शहरांतल्या वस्त्यांसाठी ही योजना २०१३ नंतर आली. ती पालिकेची नोकरदार नाही, 'स्वयंसेविका' आहे. मिळतो तो मोबदला, त्यातला बराचसा कामागणिक. गरोदर बाईची नोंद केली, लसीकरण पूर्ण करून घेतलं, टीबीच्या रुग्णाचे सहा महिने पुरे केले, अशा एकेका कामाचे ठरलेले पैसे. राज्यातल्या आशा २०२४ च्या सुरुवातीला मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर ठाण मांडून होत्या तेव्हा तीही दोन दिवस जाऊन आली. परत आल्यावर आईने तिला विचारलं, "मिळालं का गं काही?" ती म्हणाली, "बघू, आजी. आधी तोंड दाखवा."

करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ती ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरत होती. तेव्हा आमच्याच इमारतीत तिला खालीच उभं केलं होतं. "तूच आणशील करोना." हे तिने मला फार नंतर सांगितलं, आणि कुठल्या मजल्यावरचं कोण ते सांगितलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा तिचा प्रश्न वेगळा होता: "आठवड्याभरात जुलाब झाले का कुणाला? हातापायाला मुंग्या?" पाणी उकळायला सांगायची, आणि नुसतं सांगून निघायची नाही, किती वेळ उकळता तेही विचारायची. पावसाळ्यात ती फ्रीजच्या मागचा ट्रे ओढून बघते, कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करते. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला एक दिवस भांडी कोरडी करायची. हे आईने इतकं मनावर घेतलंय की शुक्रवारी घरात एक बादली भरलेली सापडत नाही.

वर्षातून किती वेळा ती येते ते मी एकदा चौकटीवरच्या खडूच्या तारखांवरून मोजायला गेले. पुसल्या गेलेल्या धरल्या नाहीत तरी सात होत्या.

मिश्री सुटली का? लगेच नाही. पहिल्या महिन्यात आईने डबी रिकामी करून ताईला दाखवली आणि पुडी पिठाच्या डब्यात लपवली. मला ती भाकरी थापताना सापडली. मी खूप बोलले. नको तितकं बोलले. बाबांची चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली, तेही चुकलं. दोन दिवस आई जेवली नाही. ताई आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही आत जा जरा." बाहेर दोघी बसल्या. मला ऐकू येत होतं. ती रागावली नाही. "दिवसाला किती वेळा होतं, आजी?" "चार." "पुढल्या सोमवारी मी येते, तोवर तीन करा. कुठली सोडाल?" आईने बराच विचार केला. "दुपारची." रात्रीची सर्वांत शेवटी सुटली. त्या वेळी बोटाला काही काम लागतं म्हणून ताईने बडीशेप भाजून ठेवायला सांगितली होती. आई ती त्याच जुन्या तव्यावर भाजते. पितळी डबीत आता बडीशेप असते, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती डबी उघडून ती लांब कुठेतरी बघत बसते, पूर्वीसारखीच. चट्टा पुसट झालाय. गेला नाही. तीन महिन्यांची फेरी चालू आहे.

सकाळी ती आता कालव्याच्या कडेने चालायला जाते. तिथे पालिकेने व्यायामाची यंत्रं बसवली आहेत. दोन गंजली आहेत, एकाचं पायडल नाही. चपला कडेला काढून, पदर खोचून बायका त्यावर पाय हलवत सुनांबद्दल बोलतात. बुधवारी विरंगुळा केंद्रात प्राणायाम असतो. आई डोळे मिटून बसते आणि घरी येऊन सांगते की झोप चांगली लागली.

गेल्या शनिवारी दार वाजलं. मी पूर्ण उघडलं. ताईने आईचं तोंड बघितलं, गोळ्यांची पाकिटं मोजली, मग मोबाइलवर बोट फिरवत म्हणाली, "या घरात एक फॉर्म अजून अर्धाच आहे, ताई. तुमचा." मी म्हटलं, मला काही होत नाही, ऑफिसची वार्षिक तपासणी असते. ती काही बोलली नाही, बसून राहिली. स्तनांची तपासणी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, तीस ते पासष्ट वयातल्या प्रत्येक बाईची करायची असते. मी अठ्ठेचाळीसची आहे. एकही केलेली नाही. ऑफिसच्या तपासणीत त्या रकान्यापुढे मी दर वर्षी 'नको' लिहिते.

तिने पिशवीतून टेप काढली. "हात वर करा."

मी हात वर केले. आतून आईचा आवाज आला, "खरं सांग गं तिला."